पुढची डावी सीट

आमच्या गाडीची पुढची डावी सीट दोन महिने इचोड्याला देवानंद मिस्त्रीच्या गॅरेजात होती आणि तो तिच्यावर बसून चहा पीत होता. आता ती परत आली आहे. कशी आली ते मीच सांगते, कारण आमच्या मावला गावात जी गोष्ट फिरते आहे तिच्यात मला फारच भांडकुदळ करून ठेवलं आहे. भांडले मी, नाही म्हणत नाही. पण तेवढी नाही.

आधी माणूस सांगते, मग गाडी. माझे यजमान नागनाथ. बाईने नवऱ्याचं नाव घेऊ नये असं आमच्या लहानपणी म्हणत. पण मी चौतीस वर्षं मराठी शाळेत मुलांची हजेरी घेतली आहे, मला नाव घ्यायची कसली लाज. तोंडावर मात्र 'अनुपचे बाबा' असंच म्हणते. हे अनुपचे बाबा एकतीस वर्षं आदिलाबादला सरकारी मोटारीवर ड्रायव्हर होते. साहेब बदलले, मोटारी बदलल्या, अँबेसेडर गेली, जीप गेली, पांढऱ्या बोलेरो आल्या, ड्रायव्हर तोच. आमच्या घरात सासऱ्यांपर्यंत सगळ्यांनी लोकांच्या वावरात मजुरी केली. त्यामुळे यांना ही नोकरी लागली तेव्हा सासूबाईंनी अख्ख्या वस्तीत साखर वाटली होती.

नागनाथांच्या नोकरीचे काही नियम होते. साहेब मागे, डाव्या बाजूला. पुढच्या डाव्या सीटवर दफेदार, म्हणजे लाल पट्टा लावून साहेबाच्या फाइली सांभाळणारा शिपाई. गाडी थांबली की उतरून मागचं डावं दार उघडायचं. आरशात मागून येणारी वाहनं बघायची, मागे बसलेला माणूस बघायचा नाही. साहेब परत येईपर्यंत गाडीपासून हलायचं नाही. आणि सगळ्यांत मोठा नियम असा की मागच्या सीटवरचं बोलणं कानावर पडलं तरी ऐकायचं नाही. मी कधी खोदून विचारलं तर म्हणत, "मी आयकलंच नाई, त सांगू काय?" मला वाटे, सांगायचं नाही म्हणून कानावर हात ठेवतात. ते खरोखरच ऐकत नव्हते हे मला या वर्षी कळलं.

माझी शाळा बेल्याकडच्या एका गावात होती. मावल्याहून भोरजच्या फाट्यापर्यंत एक गाडी आणि फाट्यावरून ऑटो. ऑटोत आम्ही नऊ जण आणि बाजाराच्या दिवशी एखादी बकरी. कधी यांची सरकारी मोटार त्याच रस्त्याने जाई. सरकारी मोटारीत घरचं माणूस बसवायचं नाही हा नियम मलाही पाठ होता. संध्याकाळी मी घरी आले की ते दौऱ्यावर असत, ते आले की मी पेपर तपासत असे. जेवताना "भाजी वाढ" आणि "उद्या लवकर जायचं हाय" एवढंच बोलणं व्हायचं. सुट्टीच्या दिवशी मुलं मागे लागली तर ते कुंटाल्याच्या धबधब्याचं वर्णन करून सांगत. साहेबांकडे पाहुणे आले की यांची गाडी तिथे ठरलेली असे. पाणी दोन टप्प्यांनी कसं पडतं, खाली दगड कसे गुळगुळीत झालेत, हे इतकं रंगवून सांगत की अनुप आणि दीक्षा जेवण विसरत. संसार आमचा चांगला झाला. फक्त बोलायचं राहून गेलं. म्हणून मी मनाशी ठरवून टाकलं होतं की दोघं रिटायर झालो की शेजारी शेजारी बसून फिरायचं आणि पोटभर बोलायचं.

ते दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले, मी या मार्चमध्ये. एप्रिलमध्ये जयंती झाली आणि मे महिन्यात ते नागपूरला जाऊन गाडी घेऊन आले.

कंपनीचं नाव सांगत नाही; सांगितलं की लोक गाडीचं सोडून किंमत विचारतात. सतरा वर्षांची, काळी, विलायती, आमच्या ओसरीहून लांब. एका म्हाताऱ्या डॉक्टरांची होती. त्यांची नजर अधू झाली, मुलं परदेशात. डॉक्टरांनी म्हणे चार गिऱ्हाइकं परत पाठवली होती. नागनाथांनी बॉनेट उघडायच्या आधी खिशातला पिवळा फडका काढून आरसा पुसला, आणि डॉक्टर म्हणाले, घेऊन जा. नवी लहान गाडी याहून महाग पडली असती, त्यामुळे मला बोलायला जागाच राहिली नाही. तरी मी म्हणून घेतलं, "नाकापेक्षा मोती जड."

"तू एकदा बसून त पाह्य," ते म्हणाले, आणि मी दाराला हात लावला तर, "आत्ता नाई. तयार होऊ दे तिले."

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर गाडी पोटावर बसलेली. त्या गाडीला हवेवर चालणाऱ्या स्प्रिंगा होत्या, त्यांची हवा रातोरात निघून गेली होती. शेजारच्या गयाबाई शेणाचा हात घेऊन फाटकात आल्या, खूप वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, तुमची गाडी वीऊन राह्यली काय?"

तिथून देवानंद मिस्त्री आमच्या घरात शिरला. तो मूळचा वांकिडीचा, इचोड्याला हायवेवर त्याचं गॅरेज. काम ट्रकांचं, पण सरकारी जीपांपासून यांची त्याची दोस्ती. दोघांनी मिळून हवेच्या स्प्रिंगा काढल्या, साध्या लोखंडी बसवल्या, आणि गाडी दोन बोटं उंच केली म्हणजे आमच्याकडच्या गतिरोधकांना पोट घासू नये. एसी नवा झाला. पुढे टीव्हीसारखा पडदा आला, तो रस्ता तेलुगूत सांगतो. मागच्या काचेवर बटण दाबलं की जाळीचा पडदा वर चढतो, तो बंद होता, तो चालू केला. मागची डावी सीट पलंगासारखी आडवी होते. तिची मोटर जळली होती, ती अनुपने हैदराबादहून शोधून पाठवली. नागनाथ रोज सकाळी बसने इचोड्याला जात आणि संध्याकाळी कोपरापर्यंत काळे होऊन येत. इतक्या आनंदात मी त्यांना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. रात्री पाठ दुखली तर मला पाठ दाबायला सांगत आणि दाबताना सायलेन्सरबद्दल बोलत. हौसेला मोल नाही म्हणतात. मी दाबून देत होते.

ऑगस्टमध्ये एका रविवारी गाडी तयार होऊन दारात आली. आधी विहारात जायचं ठरलं होतं. देवानंदने पुढे लिंबू-मिरची बांधली होती. आम्ही ते मानत नाही, मी सोडून घेतलं. लिंबाचं सरबत केलं, मिरच्या वरणात टाकल्या. निळ्या काठाची पांढरी साडी नेसले, आणि बाहेर येऊन पुढचं डावं दार उघडलं.

आत सीट नव्हती. नवं कार्पेट होतं, आणि मागच्या सीटपासून निघालेला पाय ठेवायचा गादीचा पाटा थेट पुढपर्यंत आला होता.

"सीट कुठं हाय?"

"काढली," नागनाथ म्हणाले. चेहरा असा, जसा मुलगा पहिला नंबर आल्यावर करतो.

"काऊन?"

"ती दफेदाराची सीट. आपल्याकडं दफेदार कुठं हाय? आता पाह्य, तुहे पाय कुठपर्यंत जातेत ते."

आणि त्यांनी मागचं डावं दार उघडलं. माझं डोकं लागू नये म्हणून वरच्या कडेला तळहात धरला आणि सरळ उभे राहिले. मी बसले. खोटं बोलणं मला जमत नाही, वर्गात त्यासाठी मी पट्टी हातात घेतलेली आहे. म्हणून खरं ते सांगते, इतक्या मऊ जागी मी जन्मात बसले नव्हते. पाठ चोळणारं यंत्रसुद्धा होतं, फक्त ते एकाच बाजूने चोळायचं. नागनाथांचे डोळे भरून आले होते. माझेही आले.

मग गाडी निघाली. मी म्हटलं, "पान्यावरून जाऊन राह्यल्यासारकं वाटते न?"

त्यांची नजर आरशात, मागून येणाऱ्या वाहनांवर.

"अवो, मी म्हनलं..."

"जी," ते म्हणाले.

मला वाटलं, थट्टा करत आहेत. विहार आलं, उतरून दार उघडलं, पुन्हा तळहात. वंदना झाली आणि मागे वळून पाहते तर नवरा विहारात नाही. तो बाहेर गाडीपाशी उभा राहून काच पुसत होता.

असे सहा आठवडे गेले. भाजीला गेलो की मी बाजारात, ते गाडीपाशी; पूर्वी निदान पिशवी धरायला यायचे. नातेवाइकांकडे गेलो की मी आत आणि यांचा चहा बाहेर पाठवायचा. गयाबाई मला 'कलेक्टरीनबाई' म्हणू लागल्या. घरात माणूस हसतबोलत असे, पण एकदा का त्या स्टिअरिंगवर हात पडला की एकतीस वर्षांची खोड उसळून वर येई. मागून मला त्यांची मान दिसायची आणि पुढे डॅशबोर्डवर एअरबॅगचा एक लाल दिवा. पोटापुढे चेंडू धरून बसलेल्या माणसाचं चित्र होतं त्यात. सीट काढली तेव्हापासून तो सारखा जळत होता. देवानंद म्हणे, गाडीला वाटतं आपलं माणूस हरवलं. गाडी विलायती असली तरी अक्कल होती तिला.

एकदा आदिलाबादहून घरी येताना दीक्षाचा निजामाबादहून फोन आला. तिला दिवस गेले होते. लग्नाला सहा वर्षं झाली होती, दोन वेळा आशा लागून गेली होती. मी फोन ठेवला आणि मला रडूच आलं. म्हटलं, "अनुपचे बाबा, आपल्या दीक्षाले दिवस गेले. डाक्टरीन म्हने सगळं बरोबर हाय या वक्ताले."

"जी," ते म्हणाले, आणि गिअर बदलला.

घर आलं. त्यांनी दार उघडलं, तळहात धरला, गाडीवर कव्हर घातलं, हातपाय धुतले. भाकरीचा पहिला घास घेताना म्हणाले, "दीक्षाचा फोन नाई आला काय वं दोन-चार दिसांत?"

मी ताटावरून उठले. नंतर सांगितलं, अर्थातच. ते लहान मुलासारखे रडले, निजामाबादला फोन लावला, फोनवरही रडले. पण माझ्या मनातून ते जाईना. इतकी मोठी गोष्ट मी ज्या माणसाला सांगायला जन्मभर थांबले असते, त्याला ती सांगितली आणि त्याने ऐकलीच नाही. दुसऱ्या दिवशी बाजारात जायला त्यांनी दार उघडून धरलं तेव्हा मी फाटकातच उभी राहिले.

"मी नाई बसत."

"काऊन? काय कमी हाय गाडीत?"

"तुमी कमी हाय," मी म्हटलं, आणि पायी बाजारात गेले.

हीच ती मावल्यात गाजलेली भांडणं. एवढीच होती. पण त्यांना काही उमगलं नाही. मी सीट मागितली तर म्हणाले, "ती नाई बसवत मी आता," आणि तोंड फिरवलं. का नाही, ते सांगेनात. दहा दिवस गाडी दारात उभी होती. रोज सकाळी ते ती पुसत, आणि पुसताना माझ्याकडे बघत नसत. त्यांचं तोंड उतरलं होतं, जेवण निम्म्यावर आलं होतं. मला त्यांची दया येत होती आणि रागही तेवढाच येत होता. पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस ओतणार. अकराव्या दिवशी मी काही न सांगता बस पकडली आणि इचोड्याला उतरले.

देवानंद सीटवर बसून चहा पीत होता. त्याने तिला खालून लोखंडी पाय जोडले होते आणि ट्रकवाले समोर बाकड्यावर बसले होते, जसा काही हा गावचा पोलीस पाटील. मला पाहून उठला. मी त्याच सीटवर बसले.

"देवानंद, ही सीट मले पाह्यजे."

तो डोकं खाजवू लागला. "बाई, माह्या कमरेनं दहा वर्स झाले आराम पाह्यला नव्हता. या सीटीवर बसतो तवापासून गोळी बंद हाय. नागनाथभाऊनं मले देऊन टाकली ते. मले म्हने, पुन्हा माह्या नजरेस पाडू नको."

"असं म्हनले?"

"असंच. शब्दाला शब्द."

माझ्या मनात ते खटकलं, पण तेव्हा देवानंदची कंबर पुढे होती. आमच्या शाळेने मला निरोपाला एक फिरती खुर्ची दिली होती, मागे उंच पाठ असलेली. मुख्याध्यापकांची असते तशी. घरी तिच्यावर धुतलेले कपडे पडत होते. मी ती कबूल केली. देवानंदने विचारलं, "गोल फिरते काय?" मी म्हटलं, "दोन्हीकडून." तो राजी झाला. आवळा देऊन कोहळा काढला असं कोणी म्हणेल, पण फिरत्या खुर्चीवर बसून ट्रकवाल्यांशी बोलण्यात जे सुख आहे ते देवानंदला विचारा.

मग त्याच्याच फोनवरून मी घरी फोन लावला. "मी इचोड्याला हाय. गाडी घेऊन या. अन् माही फिरती खुर्ची मांगं टाकून आना."

ते तासाभरात आले. गाडीच्या मागच्या सीटवर, साहेबांच्या जागी, खुर्ची बसली होती. गॅरेजात मला त्या सीटवर बसलेली पाहून ते दारातच थांबले. मला वाटलं चिडतील. चिडले नाहीत. फक्त खूप वेळ सीटकडे पाहत राहिले, मग देवानंदला म्हणाले, "पाने काढ." पाटा काढून सीट बसवायला तासभर लागला. नागनाथांनी चारही बोल्ट स्वतः आवळले. देवानंदने कसलं तरी मशीन लावून डॅशबोर्डवरचा तो लाल माणूस विझवला.

मी पुढे बसले. पाय आखडते आले, पण खांद्याजवळ खांदा आला. हायवेच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवली आणि डाव्या हाताला मावला, उजव्या हाताला निजामाबाद, असा दोन्हीकडे रस्ता मोकळा असताना थांबूनच राहिले.

"कुठं?" ते म्हणाले. हा त्यांचा एकतीस वर्षांचा प्रश्न.

"मले काय इचारता? तुमाले कुठं जायचं हाय?"

मागून एका ट्रकने हॉर्न दिला. आणखी एकाने दिला. ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर पाहत होते, आणि मला हळूहळू लक्षात आलं की हे या माणसाला आजवर कोणी विचारलेलंच नाही. मीसुद्धा नाही.

"कुंटाला," ते म्हणाले, हळू आवाजात.

"कुंटाला? तो त तुमी शंभरदा पाह्यला."

"गाडीपाशी राह्यलो," ते म्हणाले. "वरून आवाज येते. पानी नाई दिसत तिथून. वर येनारे लोक सांगत, तेच मी पोराइले सांगो."

मी उजवीकडे हात दाखवला. गाडी उजवीकडे वळली.

कुंटाल्याला झाडाखाली त्यांनी गाडी लावली, तोंड रस्त्याकडे करून, केव्हाही निघता येईल अशी. उतरून सवयीने मागचं डावं दार उघडलं, आतली रिकामी सीट पाहिली, दार लावलं, मग माझं उघडलं. मी पायऱ्यांपर्यंत गेले आणि मागे पाहते तर हे काच पुसत होते.

"चला न."

"तू जाऊन ये. गाडी..."

"गाडीले काय होते?"

बाजूला एक पांढरी मोटार होती आणि तिचा ड्रायव्हर दगडावर बसला होता. पन्नाशीचा, पांढऱ्या कपड्यातला, खिशात पिवळा फडका. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "जाइए साब. मैं हूं गाडी के पास."

नागनाथांनी मागे वळून पाहिलं. मागे कोणी साहेब नव्हता. मग त्यांनी फडका घडी घालून खिशात ठेवला आणि माझ्या मागून पायऱ्या उतरू लागले.

चारशेच्या वर पायऱ्या आहेत त्या. माझे गुडघे मोजून घेत होते. पाण्याचा आवाज वाढत गेला तसे ते माझ्याही पुढे गेले. खाली पोचले तर ते एका खडकावर उभे होते, चष्म्यावर तुषार, पँट ओली. मी शेजारी जाऊन उभी राहिले.

"असंच सांगत होतो न मी पोराइले?"

"असंच."

"नाई," ते म्हणाले. "हे लय मोठं हाय." आणि चष्मा पुसत, "दीक्षाच्या लेकराले घेऊन येऊ."

वर आलो तेव्हा तो ड्रायव्हर दोन्ही गाड्यांच्या मधोमध उभा होता, पहारा दिल्यासारखा. नागनाथांनी त्याला तेलुगूत विचारलं की तू पाहिलास का कधी. अकरा वर्षं येतो आहे, नाही पाहिला. नागनाथ म्हणाले, तुझी माणसं खाली आत्ता डबे उघडून बसली आहेत, मी पाहून आलो, तासभर हलणार नाहीत. तू जा, मी थांबतो. तो नको नको म्हणत होता. यांनी त्याचा दंड धरून त्याला पायऱ्यांपर्यंत नेलं. तो दहा पायऱ्या हळू उतरला, मग पळत सुटला.

आम्ही आमच्या गाडीत बसलो, पुढे दोघं, दोन्ही दारं उघडी. नागनाथांची नजर त्या पांढऱ्या मोटारीवर होती. तिकडे पाहतच ते बोलायला लागले.

"तुले आठवते काय? भोरजचा फाटा. दीक्षा तिसरीत होती तवा. मार्च महिना, उन्हाचा मार. तू उभी होती, पेपराचा गठ्ठा कवटाळून."

"मी त रोजच उभी राहो तिथं."

"त्या दिवशी मांगं साहेब होते. दफेदार सुटीवर होता. पुढची सीट खाली होती." त्यांनी खिशातला फडका काढला. "तू मले हात केला. मी पाह्यलं. अन् मी सरळ रस्त्याकडं पाहून गाडी पुढं काढली. खाली सीट तुह्यासमोरून घेऊन गेलो. साहेबाले इचारलं असतं त साहेब हो म्हनले असते, चांगला मानूस होता. मी इचारलंच नाई. मले ती सीट पाहवत नाई तवापासून. कोन्याच गाडीची. म्हनून काढून टाकली. म्हनलं, माह्या बाईले मी मांगं बसवीन, साहेबाच्या जागी."

वीस वर्षं हा माणूस ते घेऊन जेवत होता, झोपत होता, आणि मला एक अक्षर कळू दिलं नव्हतं. मी त्यांच्याकडे पाहिलं. कानाजवळचे केस सगळे पांढरे झाले होते.

"अवो," मी म्हटलं, "हात तुमाले कोनं केला? तुमच्या मांगून बेल्याचा आटो येत होता. त्याले केला मी."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "आटो?"

"आटोच त. सरकारी गाडीले हात करायले मी काय येडी हाय?"

मग ते हसायला लागले, आधी नुसते खांदे हलले, मग मोठ्याने, इतके की डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी पिवळ्या फडक्याने पुसलं. "आटो," पुन्हा पुन्हा म्हणत होते, "अन् मी वीस वर्स..." मीही हसले.

ऑटो नव्हता. तो त्या दिवशी पाऊण तासाने आला. रिकामी सीट मी लांबूनच पाहिली होती, आणि हात मी त्यांनाच केला होता. चौतीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं, आणि आयुष्यातलं पहिलं धडधडीत खोटं त्या झाडाखाली बोलले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

तो ड्रायव्हर भिजून वर आला, नागनाथांचा हात दोन्ही हातांत धरला, आणि आम्ही निघालो. मावला येईपर्यंत ते बोलत होते आणि मी सगळं ऐकलं.